मागें फिरण्याची विद्या

गेल्या उन्हाळ्यांत घोडेगांवीं चार दिवस राहण्याचा योग आला. अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासें तालुक्यांतील हें गांव नगर–संभाजीनगर रस्त्यावर असून जनावरांच्या बाजारासाठीं दूरवर ओळखलें जातें. ज्या घरीं आम्ही उतरलों होतों त्या घरचा नातू यंत्रविद्येच्या महाविद्यालयांत शिकतो. दोन्ही दिशांनीं फिरूं शकेल असें वाफेचें टर्बाइन कसें बांधावें, हा प्रश्न त्याला सुटींत सोडविण्यासाठीं दिलेला होता. आणि ओसरीवर बसून तो पात्यांच्या आकृत्या काढीत व पुसून टाकीत होता. त्याचें म्हणणें ऐकतां ऐकतां आम्हांस असें वाटूं लागलें कीं, हा प्रश्न केवळ लोखंडाचा नाहीं. पुढें टाकलेलें पाऊल मागें घेतां यावें कीं नाहीं, आणि यावें तर त्याची किंमत कोणी व केव्हां द्यावी, हा नीतीचा फार जुना प्रश्न त्या आकृत्यांत दडलेला होता. त्याच ओसरीवर त्याच प्रश्नाचें उत्तर आम्हीं एकदां चुकीचें दिलें होतें, ही आठवणही त्याबरोबर वर आली. ती मागाहून सांगूं; आधीं यंत्र पाहूं.

जुन्या वाफेच्या एंजिनांत वाफ दट्ट्याला ढकलते. दट्टा नळकांड्याच्या एका टोकाशीं जातो, तेथें क्षणभर थबकतो, आणि दुसऱ्या बाजूची वाफ त्याला परत लोटते. पुढें जाणें व मागें येणें हाच त्याचा श्वासोच्छ्वास. म्हणून असें एंजिन उलट चालवावयाचें तर फारसें कांहीं करावें लागत नाहीं. वाफ आंत सोडणाऱ्या झडपांची वेळ बदलली कीं झालें. आगगाडीचा चालक एक दांडा मागें ओढी आणि गाडी मागें चालूं लागे. टर्बाइनाचें तसें नाहीं. चार्ल्स पार्सन्स यानें १८८४ सालीं जें टर्बाइन बनविलें त्यांत दट्टा नाहीं, थबकणें नाहीं, परतणें नाहीं. वाफेचा झोत वांकविलेल्या पात्यांच्या रांगांमागून रांगांतून वाहत जातो आणि चक्र एकसारखें एकाच दिशेनें फिरतें. हेंच त्याच्या वेगाचें मर्म होय. परंतु पात्यांचा बांक त्या एका दिशेसाठींच घडविलेला असल्यामुळें उलट फिरण्याची सोय त्याच्या अंगीं मुळींच उरत नाहीं.

येथें पहिली गोष्ट ध्यानांत येते. जें यंत्र प्रत्येक फेऱ्यांत थोडें परततें, त्याला मोठें परतणें जड जात नाहीं. जें कधींच परतत नाहीं, त्याची गति डोळे दिपविणारी खरी, पण मागें फिरणें त्याला ठाऊकच नसतें. आमच्या लहानपणीं घोडेगांवच्या मळ्यांतून मोटा चालत. बैल धांवेवरून उतरत जात तेव्हां विहिरींतून भरलेली मोट वर येई व थारोळ्यांत रिती होई. मग तेच बैल पाठमोरे, एक एक पाऊल मागें टाकीत, धांव चढून येत. पुढें जातांना मानेवर पाण्याचें ओझें असे, मागें येतांना तें नसे. तरी नव्या बैलाला मागें चालण्यास शिकविणें हेंच मोटकऱ्याचें खरें कसब. पुढें चालणें बैलाच्या रक्तांत असतें. मागें चालणें त्याला शिकवावें लागतें. आणि जो बैल मागें येत नाहीं, त्याची पहिली मोट तीच शेवटची.

टर्बाइन वीजघरांत आहे तोंपर्यंत ही उणीव कोणास जाणवत नाहीं. नगर जिल्ह्यांतील साखर कारखान्यांत उंसाच्या चिपाडांवर बॉयलर पेटतात, त्यांच्या वाफेवर टर्बाइनें फिरतात आणि वीज होते. त्यांना मागें फिरण्याचें प्रयोजनच नाहीं; कारण त्यांना कोठें जावयाचें नसतें आणि कोणाच्या जवळ यावयाचें नसतें. अडचण आली ती आगबोटीवर. आगबोटीला धक्क्याशीं लागावें लागतें, समोरून येणाऱ्या बोटीला टाळावें लागतें. पार्सन्सची ‘टर्बिनिया’ ही छोटी बोट १८९७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवाच्या निमित्तानें स्पिटहेड येथें भरलेल्या आरमारी संचलनांत, ताशीं तीस सागरी मैलांहून अधिक वेगानें धांवली तेव्हां पाहणारे थक्क झाले. पण तिलाही मागें येण्यासाठीं एक निराळें टर्बाइन बसवावें लागलें होतें. पुढें मोठ्या बोटींवर हाच उपाय रूढ झाला : पुढें नेणाऱ्या टर्बाइनाच्या दांड्यावरच उलट्या बांकाच्या पात्यांचें दुसरें एक लहान टर्बाइन. १९१२ सालीं बुडालेल्या ‘टायटॅनिक’ बोटीचे दोन बाजूंचे पंखे दट्ट्याच्या एंजिनांवर चालत व उलटही फिरत. मधला पंखा मात्र टर्बाइनावर चाले, आणि त्याला उलट फिरण्याची सोयच ठेवलेली नव्हती. ती बोट यामुळें बुडाली असें आम्ही म्हणत नाहीं. पण मागें फिरण्याच्या प्रसंगीं तिच्या शक्तीचा एक हिस्सा नुसता उगा राहण्यापलीकडे कांहीं करूं शकत नव्हता, एवढें खरें.

या मागच्या टर्बाइनाची दशा विचार करण्यासारखी आहे. बोट पुढें जात असतां तें रिकामेंच दांड्याबरोबर फिरत राहतें. त्याच्या भोवतीं जवळजवळ निर्वात जागा असते, तरी तें थोडीशी शक्ति खातेंच. हजारों मैलांच्या प्रवासांत त्याचा कांहीं उपयोग नाहीं. हिशेबी माणूस म्हणेल, हें ओझें कशाला? परंतु ज्या क्षणीं समोर खडक दिसतो त्या क्षणीं तें नव्यानें बांधून बसवितां येत नाहीं. मागें फिरण्याची शक्ति पुढें जात असतांनाच बरोबर बाळगावी लागते, आणि तिच्यापायीं रोजच्या वेगांतून थोडा कर भरावा लागतो. माणसाच्या बाबतींत हा कर कोणता? आपलें चुकत असेल हा विचार मनांत जागा ठेवणें. ज्याच्याशीं भांडलों त्याच्या घरची एक तरी वाट सणावारापुरती मोकळी ठेवणें. शब्द देतांना त्याची मर्यादाही त्याच वेळीं बोलून ठेवणें. या गोष्टी रोजच्या रोज निरुपयोगी वाटतात. इतकेंच नव्हे, तर बाणेदारपणाची धार त्या थोडी बोथट करतात. म्हणूनच त्या आपण आधीं टाकून देतों.

“पण आजोबा, घाटघरला तर एकच चक्र दोन्हीकडे फिरतें!” असें तो मुलगा मध्येंच म्हणाला. तेंही खरें. घाटघरचें वरचें धरण आमच्याच जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांत आहे. खालचें सह्याद्रीच्या पायथ्याशीं कोंकणांत चोंढें येथें. विजेची मागणी मोठी असते तेव्हां वरचें पाणी खालीं सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज करतात. मागणी थोडी असते तेव्हां तींच चक्रें उलट फिरवून खालचें पाणी वर चढवितात. चढविण्यास लागणारी वीज उतरतांना मिळणाऱ्या विजेहून अधिक असते. पण ती नासाडी नव्हे, कारण गरजेच्या वेळीं पाणी वर असतें. मात्र तीं चक्रें कागदावरच्या पहिल्या रेघेपासून दोन्ही कामें लक्षांत घेऊन आंखलेलीं असतात. आम्हीं त्याला म्हटलें, “बाळ, ज्याला लहानपणापासून चूक कबूल करण्याची संवय असते तो या चक्रासारखा. त्याला दुसरें यंत्र जोडावें लागत नाहीं. आम्ही बहुतेक जण वाफेच्या जातीचे.”

मागें घेण्याची ही विद्या आमच्या पूर्वजांना अपरिचित नव्हती. महाभारताच्या सौप्तिक पर्वांत अश्वत्थामा व अर्जुन दोघेही ब्रह्मशिर अस्त्र सोडतात. नारद व व्यास मध्यें उभे राहतात आणि अस्त्रें परत घ्यावयास सांगतात. अर्जुन आपलें अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्याला तें आवरतां येत नाहीं. सोडण्याची विद्या दोघांपाशीं होती, उपसंहाराची एकापाशींच. आणि न आवरलेलें अस्त्र कोठें जाऊन पडलें? ज्यानें अजून जगही पाहिलें नव्हतें अशा उत्तरेच्या गर्भावर. ज्याला मागें फिरतां येत नाहीं त्याचें देणें बहुधा दुसराच कोणी फेडतो, आणि तो सर्वांत दुबळा असतो.

शिवाय एकट्यादुकट्याला मागें फिरतां येऊन भागत नाहीं. समाजाच्या रचनेंतही ती सोय असावी लागते. घोडेगांवाचें तालुक्याचें ठिकाण जें नेवासें, तेथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० त, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत हे, परंपरा सांगते त्याप्रमाणें, घर सोडून संन्यासी झाले आणि गुरूच्या आज्ञेनें पुन्हां घरीं परतले. ते परतले खरे. परंतु परतलेल्या माणसाला आंत घेण्याची वाट त्या काळच्या धर्मसभेपाशीं नव्हती. तिनें देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, आणि चार लेंकरें शुद्धिपत्रासाठीं पैठणापर्यंत हिंडलीं. येथेंही भार पडला तो मुलांवर. ज्याला समाजानें परत घेतलें नाहीं त्यानेंच त्या समाजासाठीं प्रसाद मागून आपला ग्रंथ संपविला, ही त्याची थोरवी. पण त्या थोरवीनें समाजाची उणीव झांकली जात नाहीं.

येथें एक शंका रास्त आहे. मागें फिरणें इतकें मानाचें ठरविलें तर दिलेल्या शब्दाला अर्थ काय उरला? ऋणको कर्जावरून मागें फिरेल, नवरा संसारावरून, पुढारी वचनावरून. आणि प्रत्येक जण आपल्या पळपुटेपणाला विवेक म्हणेल. या शंकेचें उत्तरही यंत्रांतच आहे. बोटीचें मागचें टर्बाइन पुढच्याच्या बरोबरीचें बांधीत नाहींत, लहान बांधतात. तें फार वेळ चालवीतही नाहींत, कारण त्या वेळीं पुढचीं पातीं उलट फिरून वाफ घुसळूं लागतात व तापतात. मागें जाणें हा प्रवास नव्हे. थांबण्यासाठीं, टक्कर टाळण्यासाठीं, धक्क्याशीं हलकेंच लागण्यासाठीं केलेली ती योजना आहे. भरसमुद्रांत तिचें काम क्वचित् पडतें. पडतें तें किनाऱ्याजवळ, म्हणजे माणसांजवळ. आपले कष्ट चुकविण्यासाठीं जो शब्द मोडतो तो भरसमुद्रांत उलटा प्रवास करूं पाहतो. पण आपल्या शब्दाखालीं दुसऱ्याचा चुराडा होत आहे असें दिसतांच जो थांबतो, त्याला पळपुटा म्हणतां येणार नाहीं. कसोटी एकच : मागें न फिरल्याची किंमत मी देणार आहें कीं दुसरा कोणी?

आतां ती आठवण. त्या मुलाचे पणजोबा व त्यांचे धाकटे बंधु यांची विहीर सामाईक होती. एका कडक उन्हाळ्यांत पाण्याच्या पाळीवरून दोघांचें बिनसलें, आणि थोरल्यांनीं चार माणसांत सांगितलें कीं, या विहिरीचें पाणी व धाकट्याचा उंबरा आजपासून मला वर्ज्य. त्यांनीं आपल्या वांट्याच्या रानांत खडक फोडून दुसरी विहीर काढली. धाकट्यांनीं दोन वेळां निरोप पाठविला, मुलीच्या लग्नाची अक्षत पाठविली. हे गेले नाहींत. गांव त्यांना बाणेदार म्हणे. आम्हीही म्हणत असूं. अशीं बावीस वर्षें गेलीं आणि धाकट्यांनीं अंथरूण धरलें. त्यांनीं भावाला बोलावणें पाठविलें. त्या संध्याकाळीं थोरले या ओसरीवर आमच्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, “मास्तर, तुम्ही शिकलेले. एवढीं वर्षें पाळलेला शब्द आतां मोडला तर कसें दिसेल? जाऊं का?” त्या माणसाला ‘जा’ एवढेंच ऐकावयाचें होतें, हें आज कळतें. आम्हांस तेव्हां तत्त्व सुचलें. आम्ही म्हणालों, “शब्द मोडणें तुम्हांला शोभणार नाहीं.” त्यांनीं मान हालविली व ते आंत गेले.

तिसऱ्या रात्रीं धाकटे गेले. सकाळीं थोरल्यांनीं तो उंबरा ओलांडला, ओलांडावाच लागतो. पुढें त्या घरांत पिण्याचें पाणी जुन्या विहिरीचें येऊं लागलें. म्हणजे शब्द शेवटीं मोडलाच. फक्त तो ज्याच्यासाठीं मोडावयाचा, तो उरला नव्हता. नंतर थोरले नऊ वर्षें जगले आणि आम्हांस त्यांनीं एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. आम्ही गेलों कीं ते नातवाला हांक मारून, जुन्या विहिरीचें पाणी आण, असें सांगत. तें पाणी पितांना आम्हांस दरवेळीं कठीण जाई.

आपल्याकडे लहानपणीं घेतलेला वसा न टाकण्याचें शिक्षण सर्वांना मिळतें, आणि तें मिळावेंच. पण त्याबरोबर, चुकीचा वसा खालीं कसा ठेवावा हेंही कोणीतरी शिकवावयास हवें. मोटेच्या बैलाला शिकवीत असत तसें, रोज थोडें थोडें, ओझें नसतांना. वाचकांपैकीं कोणाला असा एखादा उंबरा वर्ज्य असेल, तर त्यानें या लेखाचा शेवट गांठण्याची वाट पाहिली हेंच पुष्कळ झालें. आंतलें माणूस आहे तोंवरच जावें. आणि कोणी आम्हां शिकलेल्यांस सल्ला विचारलाच, तर आम्हीं तत्त्व बाजूला ठेवून ‘जा’ म्हणावें.