चाकू कशासाठी?

रत्नागिरीजवळच्या कुठल्याही वाडीत कमरेला आकडी आणि आकडीत कोयती अडकवून निघालेला माणूस दिसला, तर "ही कशाला घेतलीस?" असं त्याला कोणी विचारत नाही. कवळ तोडायला जात असेल, शहाळं सोलायचं असेल, किंवा काहीच नसेल, नुसती सवय. हाच माणूस लेकाकडे लंडनला गेला आणि खिशात चाकू टाकून फिरायला निघाला, तर पोलीस त्याला हा प्रश्न विचारू शकतात. उत्तर पटलं नाही तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. माणूस तोच आहे, मनात वाईट काही नाही. मग बदललं काय?

आधी नियम, कारण ऑनसाइट जाणारे बरेच जण 'स्विस नाइफ' बॅगेत टाकतात आणि विसरतात. केबिन बॅगेत चाकू चालत नाही, चेक-इनमध्ये चालतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तो विमानाचा नियम झाला, उतरल्यावर रस्त्यावरचा वेगळा. ब्रिटनमध्ये 1988 च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टनुसार 3 इंचांपर्यंत धार असलेला, घडी होणारा साधा चाकू बाळगता येतो. पातं उघडल्यावर लॉक होत असेल तर मात्र ते इंचभराचं असलं तरी ही सूट मिळत नाही. मग ते जवळ का आहे याचं योग्य कारण तुम्ही द्यायचं, नाहीतर 4 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणाऱ्या चाकूंवर असंच बंधन आहे. जपानमध्ये थोडे अपवाद सोडले तर मर्यादा 6 सेंटीमीटरची. हे सगळं इतकं वाढलंय की पातं नसलेल्या नव्या साधनावर काम चालू असल्याचं 2024 मध्ये खुद्द व्हिक्टोरिनॉक्सच्या प्रमुखांनी सांगितलं. चाकूशिवायचा स्विस नाइफ. असो.

आपल्याकडे 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना लागतो, पण घरकाम, शेती वगैरेंसाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणून कोयती मोकळी फिरते. म्हणजे आपला कायदा ती वस्तू कशासाठी बनवली हे बघतो. ब्रिटिश कायदा ती या माणसाने, आत्ता, इथे कशासाठी आणली हे विचारतो. (आपलेही दिवस येतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघाला की चाकूच काय, काठीसुद्धा बंद.)

पहिल्यांदा हे वाचलं की राग येतो. मी काहीच केलं नसताना माझ्या खिशातल्या वस्तूचं स्पष्टीकरण मी का द्यायचं? गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय.

मला तरी हा राग पुरता पटत नाही. वाडीत कोयतीचं कारण कोणी विचारत नाही, कारण ते तीन पिढ्यांपूर्वीच सांगून झालंय. हा कोणाचा, राहतो कुठे, बाग कुठली, भाऊबंदांशी वाद चालू आहे का, सगळं गावाला ठाऊक असतं. (वाद चालू असेल तर कोयतीकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघतातही.) लंडनच्या ट्यूबमध्ये शेजारी बसलेल्या बाईकडे यातलं काहीच नसतं. तिला आपण धोकादायक नाही हे तिने केवळ आपल्या चेहऱ्यावरून मानावं, अशी अपेक्षा ठेवायची का?

सगळ्यात अडचणीचं कारण म्हणजे स्वसंरक्षण. परदेशी निघालेल्या मुलीला आई हमखास सांगते, "जवळ काहीतरी ठेव गं." ब्रिटनमध्ये 'कोणी अंगावर आलं तर' हे चाकू बाळगण्याचं कारण सहसा मान्य होत नाही. इथे पर्समध्ये सहज असणारा पेपर स्प्रे तिथे बंदुकांच्या कायद्याखाली बंदी असलेलं शस्त्र ठरतो. धर्माचं कारण मात्र चालतं, कृपाण त्यात येतं. आपल्या घटनेच्या कलम 25 मध्येही ते आहे. श्रद्धा ऐकून घेतली जाते आणि भीती नाही, हे त्या आईला कसं समजवायचं? भीती खरी असते. पण ती सगळ्यांकडेच असते, आणि तिच्यापायी प्रत्येकाने पातं घेतलं की समोरच्याची भीतीही खरी ठरते. एवढ्यासाठी मला तो नियम मान्य आहे. तिला रात्री दोन वाजता सुनसान स्टेशनवर उभं राहावं लागेल, हे त्याने सुटत नाही, हेही खरं.

आणखी एक गोष्ट खटकते. प्रश्न विचारणं ठीक, पण तो सगळ्यांना सारखा विचारला जात नाही. रस्त्यावर थांबवून झडती घेतली जाण्याचं प्रमाण ब्रिटनमध्ये काळ्या लोकांच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा कितीतरी पट आहे, हे तिथल्या सरकारचेच आकडे सांगतात. खिशात एकच चाकू असलेल्या दोघांपैकी एकाला आयुष्यात कधी कारण सांगावं लागत नाही, आणि दुसऱ्याला चाकू नसतानाही सांगावं लागतं.

त्यावर इथून ताशेरे मारायला मजा येते. पण दरवर्षी हापूसच्या हंगामाआधी रत्नागिरीत नेपाळी गडी येतात, फवारणी करतात, रात्रभर बाग राखतात. त्यांना कोयती बागेचा मालकच देतो. तीच कमरेला लावून त्यातला एखादा संध्याकाळी मीठ-मिरची आणायला आला, की दुकानातली नजर आधी त्याच्या कमरेकडे जाते. मागे उभ्या असलेल्या आपल्या वाडीतल्या काकांकडेही तशीच कोयती असते. काकांना सगळे नावाने ओळखतात. या गड्याचं नाव मालकाखेरीज वाडीत किती जणांना ठाऊक आहे, हे यंदा आंबे उतरायच्या आत विचारून बघा.