दुसऱ्या हाताची जागा

शामिसेन या जपानी तंतुवाद्याच्या तीन तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला जपानीत 'कोमा' म्हणतात. कोमा म्हणजे शिंगरू. आपण तिला घोडी म्हणतो, नाते जवळचेच. या कोमाचा एक लांबट प्रकार आहे, 'शिनोबिगोमा'. चोरपावलांची घोडी म्हणू या. ती कातड्यावर भार न टाकता वाद्याच्या दोन कडांवर टेकते, त्यामुळे कातडे फारसे थरथरत नाही आणि आवाज खोलीतच राहतो. पातळ भिंतींच्या घरात रात्री सराव करणाऱ्याची ही सोय. दिवसाचे काम आटोपून वादक ती बसवतो आणि सुचलेले काहीतरी दबक्या आवाजात चाचपून पाहतो. सुट्टीच्या दुपारी घोडी बदलून तेच मोकळेपणाने वाजवतो, फोनवर टिपतो आणि प्रत्यक्ष कधी न भेटलेल्या, दूरदेशीच्या शामिसेनवाल्यांना पाठवून देतो. भिंतीपलीकडच्याला ऐकू जाऊ नये आणि समुद्रापलीकडच्याने ऐकावे, अशी ही गंमत.

पण मनाला येईल ते वाजवून असे पाठवावे का? जाणत्यांचा आक्षेप असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काबुकी नाट्यासोबत वाढलेल्या 'नागाउता' या गायनशैलीत रचना ठरलेल्या असतात. घराण्याचा प्रमुख, म्हणजे 'इएमोतो', शिष्याला घराण्याचे नाव देतो, आणि त्या नावाबरोबर रचना जशीच्या तशी पुढे नेण्याची जबाबदारी येते. तिथे नवशिक्याने स्वतःचे काही घुसडणे म्हणजे भाड्याच्या घरातली भिंत पाडण्यासारखे आहे. हात तयार होण्याआधी मन मोकळे सोडले की बेशिस्तीलाच प्रतिभा समजण्याची चूक होते, हे आपल्याकडच्या कुठल्याही गवयाला पटेल.

मात्र शामिसेनचे घर एकच नाही. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी प्रांत आहे आणि त्याच्या पश्चिमेला त्सुगारू, हिवाळ्यात बर्फाखाली गाडला जाणारा मुलूख. तिथे 'बोसामा' म्हटले जाणारे अंध वादक दारोदार वाजवून पोट भरत. कानागीचा निताबो (१८५७–१९२८) हा या वादनाचा आद्य पुरुष मानला जातो. बंद दार उघडायला लावायचे तर आवाज दणदणीत हवा, आणि काल येऊन गेलेल्या बोसामापेक्षा वेगळाही हवा. म्हणून इथे जाड दांडीचे शामिसेन आले. 'बाची' या पंख्यासारख्या पसरट नखीचा घाव तारेबरोबर कातड्यावरही जोराने पडू लागला. गाण्याआधीची साथ लांबत गेली आणि तिच्यातून एकट्याचे उत्स्फूर्त वादन उभे राहिले. 'त्सुगारू जोंगारा बुशी' ही चाल आजही तीन वयांत वाजते: क्यूबुशी, नाकाबुशी, शिनबुशी, म्हणजे जुनी, मधली, नवी. ताकाहाशी चिकुझान (१९१०–१९९८) यांची दृष्टी बालपणीच गोवराने अधू झाली, तरुणपणी तेही दारोदार फिरले, आणि पुढे त्यांनी 'इवाकी' ही स्वतःची रचना केली, त्सुगारूतल्या डोंगराच्या नावाची. जी परंपरा आपल्या लाडक्या चालीची तीन वये नावानिशी जपते, तिला चौथ्याची धास्ती का वाटावी?

म्हणजे स्वतःचे वाजवावे की नाही, हा वाद त्सुगारूपुरता तरी मिटलेला आहे. खरा पेच श्रोत्याचा आहे. उंबरठ्यावरचा श्रोता निष्ठुर होता. वादन भिडले नाही तर दार उघडत नसे. इंटरनेटवरचा सहवादक सज्जन असतो. तो अंगठा उंचावतो, फार तर 'छान' लिहितो आणि पुढे सरकतो. या सौजन्याने दोन गोष्टी बिघडतात. वेगवान, चमकदार तुकड्याला झटकन दाद मिळते, म्हणून सगळे तेच वाजवू लागतात. आणि त्या क्षणापुरते सुचलेले वादन एकदा टिपले गेले की गोठते. वादक पुढच्या वेळी स्वतःचीच नक्कल करू लागतो.

तंत्राचेही अडथळे आहेत. दोन वादकांत दहा मीटर अंतर असले तरी आवाज पोचायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात, आणि एवढ्यानेही लय डळमळू लागते. खंड ओलांडून येणारा आवाज त्याहून कितीतरी उशिरा येतो, त्यामुळे समोरासमोर बसल्यासारखी जुगलबंदी जमत नाही. शिवाय बोलण्यासाठी बनवलेली व्हिडिओ कॉलची यंत्रणा शामिसेनचा प्राणच गोंगाट समजते. शामिसेनची सर्वांत जाड तार वरच्या टोकाला दांडीला हलकेच घासते आणि झणझणते. याला 'सावारी' म्हणतात. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ज्याने ऐकली आहे, त्याला ही झणझण समजावून सांगावी लागणार नाही. नेमकी तीच, आणि बाचीचा कातड्यावरचा ठोका, यंत्रणा पुसून टाकते. गोंगाट गाळण्याची सोय बंद करणे ही पहिली पायरी. कितीतरी नवशिके तिथेच अडतात आणि आपल्या वाद्यालाच दोष देतात.

पण एकत्र वाजवता येत नाही, या अडचणीतच एक जुनी वाट लपलेली आहे. शामिसेनच्या जगात 'ते' म्हणजे हात, आणि वाजवायची चाल म्हणजेही 'ते'. मूळ चाल ती 'होनते', आणि तिच्याभोवती दुसऱ्याने विणलेली निराळी चाल ती 'काएदे', बदललेला हात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कियोतोत किकुओका केंग्यो शामिसेनच्या रचना करत आणि याएझाकी केंग्यो त्यांना कोतो या तंतुवाद्याची स्वतंत्र साथ जोडत. केंग्यो ही अंध वादकांच्या संघटनेतली सर्वोच्च पदवी. 'यूगाओ' ही त्यांची रचना आजही दोघांच्या हातांनी मिळून वाजते. एकाने रचना पूर्ण केल्यावर दुसऱ्याने तिच्यात आपल्यासाठी जागा शोधली, आणि पहिल्याचे काही कमी झाले नाही.

टिपलेले वादन पाठवण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो. उत्तर उशिरा येणार हे ठरलेलेच आहे, मग ते वाद्यावर का येऊ नये? मात्र त्यासाठी पाठवणाऱ्याने काही पाळावे. दोन मिनिटे अखंड धडधड वाजवली तर दुसऱ्याला हात घालायला फट उरत नाही. एखादी ओळ संथ ठेवावी, एखादी अर्ध्यावर सोडावी. तारा कशा जुळवल्या आहेत, होनचोशी, निआगारी की सानसागारी, ते आधी सांगावे. नाहीतर उत्तर देणारा तासभर खुंट्याच पिळत बसेल. चाल कुणाकडून घेतली तेही सांगावे. आणि ऐकणाऱ्याने 'छान' लिहिण्याआधी एकदा वाद्य हातात घ्यावे.

मग एखाद्या रात्री उत्तर येते. सुरुवातीला आपलीच ओळ ऐकू येते, फोनमधून थोडी पत्र्यासारखी. आपण सोडून दिलेल्या जागी कुणीतरी तीन स्वर टाकलेले असतात, आपल्याला कधीच सुचले नसते असे. ऐकणारा उठतो, भिंतीकडे बघतो आणि पेटीतून चोरपावलांची घोडी काढतो.