बहुधा तेच

माझ्याजवळ एक जाडजूड वही आहे. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जातो तेव्हा दिसलेल्या फुलपाखरांची नोंद तीत मी गेली सहा वर्षे करीत आलो. मोठ्या फुलपाखरांनी मला कधी अडविले नाही. पण वाटेच्या कडेला, घोट्याच्या उंचीवर भिरभिरणारी नखाएवढी निळसर पाखरे दिसली, की मी 'पेल ग्रास ब्लू' असे टिपून पुढे चालू लागे. त्या नावाच्या तीनशे बारा नोंदी झाल्या आहेत. त्यांतली एकही खरी आहे असे मला शपथेवर सांगता येणार नाही.

हे ध्यानात आणून दिले एका कॉलेजकुमाराने. तो वाटेवर उकिडवा बसून गवतात डोळे लावून होता. मी ऐटीत नाव सांगितले. त्याने मान वर न करताच विचारले, "काका, पेशीतला ठिपका पाहिलात का?"

पाहिला नव्हता. असा ठिपका असतो हेच मला ठाऊक नव्हते. आपल्याकडे गवतात वावरणारी ही निळी भावंडे मुख्यतः चार. 'पेल' आणि 'डार्क' या दोघांच्या पुढच्या पंखाच्या खालच्या अंगाला, शिरांनी वेढलेल्या मधल्या भागात एक ठिपका असतो. 'लेसर'ला तो नसतो. त्याच्या मागच्या पंखावरच्या ओळीतला एक ठिपका मात्र रांग मोडून आत सरकलेला असतो. 'टायनी' सर्वांत चिमुकले, आणि त्याच्या पुढच्या पंखाच्या वरच्या कडेलगत जास्तीचे बारीक ठिपके. त्यात पावसाळ्यातला रंग उन्हाळ्यात राहत नाही. पंख मिटून बसले, की पुढचा पंख मागच्याच्या आड निम्मा दडतो, म्हणजे नेमका पुरावाच झाकला जातो. जुन्या अभ्यासकांना ही अडचण नव्हती. ब्रिगेडियर इव्हान्स यांच्या १९३२ सालच्या ग्रंथातले कोष्टक हातात घ्यायचे, आणि टाचणीने टोचलेले पाखरू भिंगाखाली उलटेपालटे करायचे. मेलेले पाखरू काही लपवीत नाही.

आमचे एक स्नेही आहेत, वारकरी घराण्यातले. त्यांना हा सारा खटाटोप हास्यास्पद वाटतो. ते म्हणाले, "अहो, भेद करू नये म्हणून संतांनी जन्म वेचले, आणि तुम्ही ठिपके मोजून भेद करीत बसलात! त्या पाखराला काय त्याचे?" युक्तिवाद बिनतोड दिसतो. पाखराला खरेच काही नाही. पण ती एकसारखी आहेत, हे ठरविले कुणी? 'पेल'ची मादी अंडी घालायला आंबुटीचे पान शोधते; 'डार्क'ची सराट्यावर किंवा माठावर जाते. ती पायांनी पान चाखून पाहते आणि सहसा चुकत नाही. आपला आणि परका त्यांना उडता उडता कळतो. त्यांच्या जगात ती सारखी नाहीतच. सारखेपणा होता तो माझ्या घाईत. संतांनी निषेधिला तो भेद वरचा-खालचा ठरविणारा. पाहण्याचे श्रम वाचावेत म्हणून सर्वांना एका नावात कोंबणे ही समदृष्टी नव्हे. तो निव्वळ आळस आहे, आणि मला तर त्यात थोडा तुच्छभावही दिसतो.

हा आळस माझ्या ओळखीचा आहे. १९७१ च्या पावसाळ्यात आमच्या वाड्यातून एक सायकल नाहीशी झाली. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होतो. बोळातून सायकल नेणारा एक पोरगा मी पाठमोरा पाहिला होता. खाकी चड्डी, डोक्यावर पोते. वडीलमंडळींनी विचारले, "भांडीवाल्या बाईंचा मुलगा का रे?" मी म्हणालो, "बहुधा तोच." त्यातले 'बहुधा' कुणी ऐकले नाही, खरे सांगायचे तर ते ऐकू जाऊ नये अशाच बेताने मी उच्चारले होते. मुलाला मार बसला. चौथ्या दिवशी सायकल परत आली. मालकांचाच भाचा विचारल्यावाचून घेऊन गेला होता. बाईंनी तोवर काम सोडले होते. त्या मुलाची क्षमा मी मागितली नाही. आज मागावी म्हटले तरी त्याचा चेहरा मला आठवत नाही. कारण तो मी नीट पाहिलाच नव्हता.

सायकल आणि फुलपाखरू एका पारड्यात घालता येत नाहीत, हे मला कळते. तरीही नोंद ही साक्षच असते. २०११ साली जपानात फुकुशिमाची अणुभट्टी फुटल्यानंतर ओकिनावातील र्‍यूक्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी किरणोत्साराचा परिणाम तपासला तो याच 'पेल ग्रास ब्लू'वर. पंखांची लांबी, पाय, डोळे, आणि हेच ठिपके त्यांनी न्याहाळले. २०१२ साली त्यांनी विकृतींचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यावर पुढे वादही झाला. पण तो वाद करण्याइतके तरी कुणी ठिपके पाहिले होते. माझ्यासारख्याच्या वहीवर असा वादसुद्धा उभा राहू शकत नाही.

आता त्या तीनशे बारा नोंदींचे काय करावे? एक मोह असा, की टेकडीवर आंबुटी पुष्कळ, तेव्हा बहुतेक नोंदी 'पेल'च्याच असणार, राहू द्याव्यात. हिशेब बरोबर असेलही. पण तो हिशेब झाला, पाहणे नव्हे. वही फाडावी, तर चूक झालीच नव्हती असे होईल. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे तांबड्या शाईने 'न पाहता' असे लिहू लागलो आहे. दीडशेपर्यंत आलो. जाळे आणि टाचणी मला घ्यायची नाही. तेव्हा पुढच्याही पुष्कळ नोंदी अर्धवट राहणार, हे उघड आहे.

काल पायवाटेवर आंबुटीच्या फुलावर एक बसले होते. मी गुडघे दुखेपर्यंत बसलो. पुढचा पंख त्याने काही बाहेर काढला नाही. वाऱ्याची झुळूक आली आणि ते गेले. वहीत लिहिले : निळसर, लहान, आंबुटीवर, ठिपका दिसला नाही.