भाग खरे, घड्याळ खोटे

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातील एका लिलावात १९५७ सालचे म्हणून मांडलेले ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. ते खुद्द ओमेगानेच आपल्या संग्रहालयासाठी घेतले होते. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले, की बहुतेक भाग अस्सल असले तरी ते जोडून घड्याळ बनवलेले आहे आणि या प्रकारात आपलेच तीन माजी कर्मचारी सामील आहेत.

भाग खरे, मग खोटे काय? त्यांच्याविषयी सांगितलेली हकिकत. जुने घड्याळ पारखताना आपण झाकण उघडतो, यंत्रावरचा क्रमांक कंपनीच्या दप्तराशी ताडून पाहतो. पण शेवटी विश्वास ठेवावा लागतो तो माणसाच्या साक्षीवरच.

हदीसची छाननी करणाऱ्या विद्वानांना याची जाण होती. वचन चांगले आहे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. कोणी कोणाकडून ऐकले, ही इस्नादची साखळी त्यांनी तपासली, एकेका रावीची सचोटी पाहिली.

आम्हीही नमाज पढतो, रोजे ठेवतो, जकात देतो. भाग सारे अस्सल. पण व्यवहारात ग्राहकापासून मालाचा दोष लपवला, तर या भागांचे मिळून आम्ही काय जुळवले आहे? झाकण उघडण्याआधी हे आम्हीच आम्हाला विचारलेले बरे.