ऐकून शिकलेली विद्या चोरीची होते काय?

एखाद्याने आपली विद्या शिकविण्यास नकार दिला, किंवा शिकविण्याचे मनातच आणले नाही, तर त्याचे बोलणे ऐकून ती आत्मसात करणे न्याय्य आहे काय? हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. एकलव्याची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली त्यांनी तो मनाशी केव्हा ना केव्हा विचारलेला असतोच. परंतु जुन्या प्रश्नाला नवे उदाहरण मिळाले म्हणजे त्याची एखादी न दिसलेली बाजू उजेडात येते. असे एक उदाहरण आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते संगणकाच्या जगातील आहे म्हणून कोणी पान उलटू नये. त्यात यंत्रविद्या थोडी आणि नीतिविचार पुष्कळ आहे.

देवस्थानच्या कचेरीत दोन संगणक आणि एक प्रिंटर असला, म्हणजे या तिघांना एकमेकांशी बोलता यावे लागते, आणि बोलण्याला ठरलेली भाषा लागते. विंडोज प्रणालीचे संगणक फायली व प्रिंटर वाटून घेण्यासाठी जी भाषा बोलतात तिचे नाव एसएमबी. तिचा आरंभ १९८० नंतरच्या दशकात आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबाउम यांनी केला. पुढे मायक्रोसॉफ्टने तीत इतकी भर घातली की ती जणू त्या कंपनीचीच होऊन बसली. युनिक्स कुळातील यंत्रांना मात्र ती येत नसे. एका दालनात शेजारी शेजारी बसलेली दोन यंत्रे एकमेकांस परकी राहत.

कॅनबरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करणारे अँड्र्यू ट्रिजेल यांना ही अडचण डिसेंबर १९९१ मध्ये भासली. डिजिटल कंपनीचे पाथवर्क्स वापरणारा आपला संगणक युनिक्स यंत्रावरील फायलींपर्यंत पोहोचावा, एवढीच त्यांची गरज होती. भाषेचे व्याकरण हाती नव्हते. तेव्हा तारेवरून जाणारे संदेश टिपून घेणारा प्रोग्राम त्यांनी लावला आणि कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर मिळते ते पाहत बसले. जानेवारी १९९२ च्या पहिल्या पंधरवड्यातच त्यांचे सॉफ्टवेअर लोकांच्या हाती आले. आपण उतरवून घेतलेली भाषा एका कंपनीपुरती नसून पुष्कळ यंत्रांची बोली आहे, हे त्यांना मागाहून उमगले. पहिल्या नावावर दुसऱ्या एका कंपनीने हक्क सांगितला म्हणून त्यांनी शब्दसूचीतून एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यांतून 'सांबा' हे नाव निवडले. आमच्या वाचकांस सांब सदाशिवाचे स्मरण होईल. पण हा शब्द ब्राझीलमधील एका नृत्याचा.

आपली पद्धत समजावून सांगताना ट्रिजेल यांनी पुढे एका उपाहारगृहाचा दृष्टान्त दिला. फ्रेंच मुळीच न येणारा मनुष्य फ्रान्समधील कॅफेत जाऊन बसतो. गिऱ्हाईक काय बोलते आणि वाढपी काय आणून ठेवतो हे तो लक्षपूर्वक पाहतो. हळूहळू शब्दांचे अर्थ उलगडतात. मग तो स्वतः एखादा शब्द उच्चारून वाढप्याची मुद्रा न्याहाळतो. एकाच मासिकात मराठी आणि कोंकणी वाचणाऱ्या आमच्या वाचकांस ही पद्धत अपरिचित वाटणार नाही. शेजाऱ्याची भाषा व्याकरण पाठ करून कितीजण शिकतात? बहुतेकांनी ती बाजारात, देवळाच्या पटांगणात, ऐकत ऐकतच उचललेली असते.

यावर आक्षेप येतो तो असा: भाषा निसर्गाने दिलेली नाही, पदरचे द्रव्य व श्रम खर्चून ती कोणी रचली आहे, तिचे गुपित राखण्याचा अधिकार रचणाऱ्याचाच. आक्षेप फोल नाही. श्रमाचे फळ श्रमिकाला मिळावे हे आम्हीही मानतो. पण येथे नेले काय, हे पाहिले पाहिजे. मूळ प्रोग्रामच्या लेखनाची एक ओळही उतरवून घेतली नाही, कुलूप फोडले नाही, कोणास खोटे सांगितले नाही. आपल्याच खोलीतील यंत्रे एकमेकांशी काय बोलतात ते ऐकले. महाभारतात विनाअधिकार विद्या मिळविणारे दोघे आहेत, आणि त्यांच्यातील भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कर्णाने परशुरामापाशी आपली जात खोटी सांगितली. एकलव्याने कोणास काहीच खोटे सांगितले नाही. मातीची मूर्ती केली आणि अभ्यास केला. पहिल्याच्या वाट्याला शाप आला तो असत्यामुळे. दुसऱ्याचा अंगठा गेला, त्यात मात्र त्याचा दोष दाखविता येत नाही, आणि म्हणूनच ती कथा आजही बोचते. ट्रिजेल यांचे शिकणे आम्ही एकलव्याच्या बाजूला ठेवतो. शिवाय ऐकून मिळविलेले त्यांनी स्वतःपाशी दडवून ठेवले नाही. सांबाचा सारा मजकूर कोणीही वाचावा, बदलावा. मात्र बदललेले दुसऱ्यास देताना त्याचा मजकूरही द्यावा, ही त्याची अट आहे. दुसऱ्याचे गुपित उकलून स्वतःचे गुपित निर्माण करणारा मनुष्य वेगळा.

ऐकण्याचा अधिकार मान्य केला तरी दुसरा प्रश्न उरतो: ज्याच्यापाशी विद्या आहे त्याने ती सांगितलीच पाहिजे काय? युरोपीय आयोगाने २४ मार्च २००४ रोजी मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि इतरांच्या यंत्रांना विंडोजशी बोलता येईल एवढी माहिती देण्याचा आदेश दिला. १७ सप्टेंबर २००७ रोजी न्यायालयाने तो निर्णय मुख्यत्वे कायम केला. त्याच वर्षीच्या २० डिसेंबरला करार झाला व १०,००० युरो एकदाच भरून ती कागदपत्रे सांबाच्या लेखकांना मिळाली. कागदपत्रे गुप्त राखावयाची, परंतु त्यांवरून लिहिलेले सॉफ्टवेअर खुले ठेवावयास हरकत नाही, असा तो करार होता. सांगण्याची अशी सक्ती सर्वांवर करावी असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या घरची पाककृती शेजारणीला न सांगणारी गृहिणी अपराधी नव्हे. पण गावाची एकमेव विहीर ज्याच्या अंगणात आहे त्याने दार बंद केले, तर अंगण माझे आहे हे उत्तर पुरत नाही. जगातील बहुसंख्य कचेऱ्यांतील संगणक एकच भाषा बोलू लागले तेव्हा ती विहीर झाली. पुढे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः सांबासाठी थोडा मजकूर लिहून दिला, आणि डिसेंबर २०१२ मध्ये निघालेल्या चौथ्या आवृत्तीस त्या कंपनीची कागदपत्रे व प्रयोगशाळा यांचे साहाय्य झाले.

येथवर आमचे मन ट्रिजेल यांच्या बाजूने निःशंक आहे. २००५ च्या प्रकरणात ते तसे राहत नाही. लिनक्सचे लेखक २००२ पासून बिटकीपर नावाचे साधन फुकट वापरीत होते. असे दुसरे साधन रचू नये, ही त्याची अट होती. ट्रिजेल यांनी ते साधन वापरलेच नव्हते, तेव्हा अट त्यांना लागू नव्हती. त्याच्या यंत्राशी जोडणी करून त्यांनी मदत मागणारा एक शब्द टंकला; यंत्राने आपल्या आज्ञांची यादी आपण होऊन दाखविली. इतके सरळ ऐकणे! परंतु मालकाने फुकट वापराची मुभा काढून घेतली. साधन हरपले ते ज्यांनी अट पाळली होती त्यांचे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ट्रिजेल यांना उघडपणे दोष दिला, आणि त्याच एप्रिल महिन्यात नवे साधन लिहावयास घेतले, ते गिट.

गिट पुढे जगभर पसरले, हे सांगून पुष्कळजण ट्रिजेल यांना निर्दोष ठरवितात. हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. फळ गोड निघाले म्हणून बी पेरणाऱ्याचा हेतू अगर कृती शुद्ध ठरत नाही, आणि फळ कडू निघते तर आम्ही त्यांना चोर म्हटले असते असेही नाही. त्यांचा ऐकण्याचा अधिकार दोन्ही वेळी सारखाच होता. फरक एवढाच की कॅनबरात त्यांच्या ऐकण्याचा भार दुसऱ्या कोणावर पडत नव्हता, आणि येथे तो सहकाऱ्यांवर पडला. अधिकार वापरण्यापूर्वी त्या सहकाऱ्यांशी मोकळेपणी बोलून त्यांची संमती मिळविणे हे त्यांचे कर्तव्य होते काय? होते, असे आम्हांस वाटते. मात्र संमती न मिळती तर त्यांनी थांबावयास हवे होते, असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही.