दुकान किती जवळ असावं?

दारूच्या दुष्परिणामांची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा पिणाऱ्यापाशीच अडते. त्याचा संयम, त्याची संगत, त्याच्यावरचे संस्कार. दुकानाकडे बोट दाखवणारी माणसंही इथे होती. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने स्वयंसेवक पुण्यातल्या गुत्त्यांसमोर उभे राहिले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणंच गुन्हा ठरवलं. हातभट्ट्या फोफावल्या आणि सत्तरच्या दशकापर्यंत सरकारने बंदी बरीच सैल केली. पुढे व्यसन हा आजार आहे, ही समज रुजली. १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं आणि व्यसनी माणसाकडे पापी म्हणून बघणं कमी झालं. हे फार मोठं काम. मात्र त्यातून एक सोयीचा अर्थही काढला गेला: आजार काही जणांचा असेल, तर बाकीच्यांना दारू सहज मिळाली म्हणून बिघडलं कुठे?

याचं उत्तर फिनलंडने आधीच देऊन ठेवलं होतं. १९६९ पर्यंत तिथे मध्यम तीव्रतेची बिअरसुद्धा सरकारी दारूदुकानातच मिळे आणि खेड्यांत अशी दुकानं नव्हती. त्या वर्षाच्या जानेवारीपासून ही बिअर किराणा दुकानांत आली, खेड्यांत दारूदुकानं उघडायची मोकळीक मिळाली. लोक कडक दारू सोडून सौम्य बिअरकडे वळतील, अशी आशा होती. तसं झालं नाही. आधीची दारू चालूच राहिली, वर बिअरची भर पडली. एका वर्षात देशातला मद्याचा खप ४६ टक्क्यांनी वाढला. माणसं तीच, त्यांचे संस्कारही तेच. बदललं होतं ते दुकानाचं अंतर. स्वीडनने १९६५ मध्ये अशीच बिअर किराणा दुकानांत आणली होती. कोवळी मुलं पिऊ लागली म्हणून १९७७ मध्ये ती काढून घेतली. दरम्यान, १९७५ मध्ये संशोधक केट्टिल ब्रून आणि सहकाऱ्यांनी हाच मुद्दा सिद्धान्त म्हणून मांडला: समाजाचा एकूण खप वाढला की अतिपिणारे आणि त्यांचे आजारही वाढतात. म्हणून दारू किती सहज मिळते, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो.

आपल्याकडे हे बायकांना सिद्धान्ताशिवाय कळलं होतं. गडचिरोलीतल्या दारूविरोधी आंदोलनाने १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ या चिन्हाला मत दिलं, तर दुकान बंद होतं. ही अट कठोर आहे. मजुरीला गेलेली, माहेरी असलेली, नवऱ्याच्या धाकाने घरात थांबलेली अशी प्रत्येक गैरहजर बाई ‘उभ्या बाटली’च्या, म्हणजे दुकानाच्याच, पथ्यावर पडते.

आणि जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मंजुरी दिली. शेतकऱ्यांचं हित आणि ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ ही कारणं पुढे आली. फिनलंडची सौम्य बिअरची आशा याहून वेगळी नव्हती. घरची बाई जिथे मुलाचा हात धरून डाळ-तांदूळ घेते, तिथे ही बाटली मांडताना तिचं मत मात्र विचारलं नव्हतं. विरोधामुळे तो निर्णय मागे पडला. तो पुन्हा कधी पुढे आलाच, तर आधी त्या प्रभागातल्या महिलांचं मतदान घ्यावं आणि दुकान बंद करण्यासाठी लागतात तेवढीच मतं ते उघडण्यासाठीही लागावीत.