खांदेमळण आणि हाताचे घट्टे

तळहातावर किंवा तळपायावर एकाच जागी पुन्हापुन्हा दाब पडला, घासले गेले, की तिथल्या कातडीचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर जाड होतो. हाच घट्टा. तालमीत जोर काढणारा मल्ल, दोरीच्या मल्लखांबावर चढणारी मुलगी, भरतीसाठी पहाटे बीम मारणारा, म्हणजे बारला लटकून अंग वर खेचणारा, तरुण आणि दिवसभर कुदळ चालवणारा मजूर, या साऱ्यांच्या अंगावर तो दिसतो. घट्टा हा रोग नव्हे. खालची जिवंत कातडी वाचावी म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे. पण थर गरजेपेक्षा वाढला आणि कोरडा पडला, की त्यातला लवचीकपणा जातो. कडेला भेग पडते. कधी बारवर हात घसरतो आणि सबंध घट्टा एका झटक्यात सोलून निघतो. खाली लालभडक कातडी उघडी पडते आणि पुढचे काही दिवस मूठही नीट वळत नाही.

अशा कातडीची निगा राखणे ही देहाची आसक्ती की कर्तव्य, हा प्रश्न वैद्यकाइतकाच धर्मचिंतनाचाही आहे. देह नश्वर, त्याचे लाड कशाला, असे मानणारा एक वैराग्याचा पक्ष आहे. दुसरा पक्ष आखाड्यातला: फुटलेला हात हीच मेहनतीची खूण, त्याला तेल लावणारा तो नाजूक. एकाला देह तुच्छ वाटतो, दुसऱ्याला देहाचा अभिमान वाटतो, पण जखमेकडे दुर्लक्ष करण्यात दोघेही सारखेच.

शास्त्रग्रंथांचा कौल मात्र या दोघांच्याही बाजूने नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायातील 5 व 6 हे श्लोक दंभाने आणि अहंकाराने घोर तप करून शरीराला, आणि शरीरात वसणाऱ्या ईश्वरालाही, कष्टवणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हणतात. त्याच अध्यायातील 14 वा श्लोक शारीरिक तपात शौचाची, म्हणजे स्वच्छतेची, गणना करतो. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त, पाचव्या सर्गात, ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेला शिव पार्वतीला तिच्या तपाविषयी विचारताना शरीर हेच धर्माचे पहिले साधन असल्याची आठवण देतो. हे बोल सुखलोलुपाला उद्देशून नाहीत, कठोर तप करणाऱ्या व्यक्तीला उद्देशून आहेत, हे ध्यानात घ्यायला हवे.

लातूर जिल्ह्यातील देवणी हे गाव ज्या गोवंशामुळे देशभर ओळखले जाते, त्या गोवंशाच्या मुलखात या प्रश्नाचे उत्तर दरवर्षी कृतीतून दिले जाते. वानेरा, बालंक्या आणि शेवरा या देवणीच्या तीन जाती. वानेऱ्याचे अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या, बालंक्या सगळा पांढरा, तर शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके. या वंशाची गाय दुधाला चांगली आणि बैल कामाला दणकट. पण बैल कितीही दणकट असला तरी जू त्याच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे, घासतेच. जू खडबडीत असेल, जोडीतल्या बैलांची उंची कमीजास्त असेल, किंवा बरेच दिवस बसून असलेल्या जनावराला एकदम जड कामाला जुंपले, तर खांदेसूज येते. कातडी आधी जाड होते, मग चिरते.

श्रावण अमावस्येला पोळा आणि आदल्या दिवशी संध्याकाळी खांदेमळण. तोवर खरिपाच्या कोळपण्या उरकलेल्या असतात आणि खांद्यांनी बराच भार सोसलेला असतो. बैल धुऊन आणतात, खांदे गरम पाण्याने शेकतात, तूप किंवा लोणी आणि हळद एकत्र करून ते मिश्रण पळसाच्या पानाने खांद्यावर चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण बैलाला देतात. चोळताना बोटे नेमकी जिथे जू टेकते तिथल्या राठ कातडीवर रेंगाळतात. शिंगे रंगवणे, झूल घालणे हे सारे नंतरचे. मान पहिला श्रमलेल्या कातडीचा. पोळ्याच्या दिवशी मानेवर जू ठेवायचे नाही, हा नेम तर या उपचाराचा सर्वांत शहाणा भाग आहे, कारण घासणे थांबल्याशिवाय कोणतेही तूप कामाला येत नाही.

बैल मुका आहे, त्याला आपले दुखणे सांगता येत नाही, म्हणून धन्यावर त्याचे ऋण; व्यायाम करणारा माणूस मात्र आपल्या मर्जीने हात फोडून घेतो, त्याचे ऋण कोणावर, असा आक्षेप येऊ शकतो. आक्षेप खरा आहे, पण अपुरा. खांदेमळणीमागचा विचार जनावर आणि माणूस यांच्यात भेद करण्याचा नाही. ज्याने भार वाहिला त्याचे देणे फेडावे, एवढाच तो आहे. भार वाहणारा अवयव आपलाच आहे, म्हणून देणे बुडत नाही. आणि तूप चोळल्याने बैल नाजूक होतो, असे कोणी म्हणत नाही.

देवणीच्या शेजारी, आता कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात असलेल्या बसवकल्याणला, बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, श्रमालाच उपासना मानले. कायक म्हणजे प्रामाणिक कष्ट, आणि कैलास त्यातच. या भागातील लिंगायत घरांत हा विचार आजही जिवंत आहे. सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करणारे शरण आयदक्की मारय्या एके दिवशी गरजेहून जास्त तांदूळ घेऊन आले, तेव्हा पत्नी लक्कम्मांनी ते परत टाकून यायला सांगितले, अशी कथा आहे. कष्ट पवित्र असले तरी त्यांतही हाव शिरू शकते, हे लक्कम्मांनी ओळखले. हात सोलवटलेला असताना आणखी दहा बीम मारण्याचा हट्ट ही तीच हाव होय.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचवा अध्याय पायांना तेल लावल्याने खरखरीतपणा, ताठरपणा, रुक्षता, थकवा आणि बधिरपणा कमी होतो असे सांगतो. वंगण घातलेला गाडीचा आस टिकतो, तसे तेल जिरवलेले शरीर क्लेश आणि व्यायाम सोसते, हा दृष्टांतही तिथलाच. म्हणजे स्निग्धता हीच कणखरपणाची अट ठरते. सुश्रुताने टाचांच्या भेगांना पाददारी आणि कुरुपाला कदर अशी नावे देऊन त्यांची स्वतंत्र नोंद केली आहे.

आजची निगा याच तत्त्वावर चालते. व्यायाम संपताच हाताची पावडर आणि माती धुवावी. मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर घाम शोषते तशी कातडीतला ओलावाही शोषते. घट्टा मुळापासून काढू नये. भिजवून, वर आलेली कड तेवढी वजरीने किंवा कानशीने सपाट करावी. ब्लेड लावू नये. रात्री खोबरेल, तूप किंवा युरिया असलेले मलम जिरवावे. व्यायामाच्या तोंडावर लावले तर पकड सुटते. फोड आल्यास वरची कातडी ओढून काढू नये, तीच खालच्या कातडीचे झाकण असते. भेगेतून पू आला किंवा लाली पसरू लागली तर डॉक्टरांकडे जावे.

नवसापोटी पाय दुखवून घेण्याचा प्रश्न राहतो. आश्विनी पौर्णिमेला मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून असंख्य भाविक तुळजापूरला पायी जातात, काही अनवाणी. इथे वेदना पत्करणे हा भक्तीचाच भाग असतो आणि निरोगी माणसाने ती पत्करली तर तिला आसुरी म्हणता येणार नाही. पण दीर्घकाळ मधुमेह असलेल्याच्या पायांची संवेदना मंदावलेली असू शकते. त्याला फोड जाणवत नाही, जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. अशा भाविकाने पायात मऊ पादत्राण घालावे, घट्टे स्वतः कापू नयेत, रोज रात्री तळवे तपासावेत किंवा सोबत्याकडून तपासून घ्यावेत. त्याने नवस मोडत नाही.